राईएवढे ठिपके

प्रिय ताई,

काल फोनवर तू रडलीस आणि मी घाईने फोन ठेवला. तुला वाटलं असेल, धाकट्याला तुझं रडणं ऐकवेना. तसं नव्हतं. बोलायचं होतं ते जिभेवर आलं आणि माझा धीर सुटला, म्हणून हे पत्र.

आधी बातमी. भाऊजींच्या फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा आमच्या हॉस्पिटलातच तपासायला आला होता. त्यात एक जनुकीय बदल सापडलाय आणि नेमकी त्यावरच लागू पडणारी गोळी आहे. आजार मुळापासून जाणार नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही, पण बरेच दिवस आवरून धरता येईल. सोमवारपासून सुरू करतील.

आमच्या स्कॅन वाचायच्या खोलीत काय चालतं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. भाऊजी तर मला फोटोग्राफरच म्हणतात. आमचा फोटोग्राफर हसा म्हणत नाही, श्वास रोखा म्हणतो, असं सांगून चारचौघांत माझी फिरकी घेतात. गेलं वर्षभर आम्ही फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांचे जुने स्कॅन बघतोय. नाव झाकलेलं, फक्त क्रमांक. चित्र बघून कुठल्या जनुकात बिघाड असेल ते लिहायचं, मग तुकड्याच्या तपासणीचा निकाल असलेलं पाकीट उघडून ताळा करायचा. कुणाच्या छातीत पाणी साठलेलं असतं, कुणाच्या दोन-चार मोठ्या गाठी. आणि सिगारेटला कधी हात न लावलेल्या काहींच्या दोन्ही फुफ्फुसांभर राईएवढे ठिपके. त्या ठिपक्यांमागे भाऊजींचाच बदल पुन्हा पुन्हा निघाला. नेहमी नाही, चित्रावरून फक्त संशय येतो, खात्री तुकडा तपासूनच होते. पण संशय तरी यायला हवा ना.

भाऊजींचा पहिला स्कॅन आठव. खोकला जाईना म्हणून काढलेला, तू मला मोबाइलवर पाठवलास. घरच्या माणसाचा स्कॅन आपण वाचायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा, असा आमचा नियम. मी कॅन्टीनच्या रांगेत उभा होतो. अंगठ्याने चित्रं सरकवली, ठिपके दिसले आणि तुला कळवून मोकळा झालो की क्षय आहे, औषधाने खडखडीत बरे होतील. तुमच्या तिथल्या डॉक्टरांनीही माझीच री ओढली. थुंकीत जंतू सापडले नाहीत तेव्हा, असं होतं कधी कधी, हेही मीच म्हणालो. पाच महिने भाऊजींनी नको त्या गोळ्या गिळल्या, गुण येईना म्हणून तुकडा काढला तेव्हा कुठे कॅन्सर कळला.

गेल्या आठवड्यात तो स्कॅन मी मोठ्या पडद्यावर उघडला. उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला, बरगडीच्या आड, बोराएवढी गाठ आहे. परक्याची असती तर माझ्या नजरेतून सुटली नसती. भाऊजींना कॅन्सर नसावा असं मला वाटत होतं, आणि जे वाटत होतं तेच मी वाचलं. ताई, मला स्वतःची लाज वाटते.

त्या पाच महिन्यांत आजार मणक्यात पोचला. आणि तू मात्र भेटेल त्याला सांगत सुटलीस, ‘मीच हयगय केली, मीच त्यांना उशिरा नेलं.’ काल तर म्हणालीस की भाऊजींची माफी मागितलीस, तेव्हा मला राहवेना. तू त्यांना खोकल्याच्या तिसऱ्या आठवड्यातच नेलं होतंस. उशीर तू केला नाहीस, मी केला. तिथल्या डॉक्टरांना तसं माझ्या सहीने लिहून दिलंय. भाऊजींना सांगायचं राहिलंय. शनिवारी येतोय, ते माझ्याच तोंडून ऐकू देत. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
धाकटा