क्यूसी होईपर्यंत हात लावू नये

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

टॅब घेतला. ब्रॅव्हिक्स कंपनीचा, मॉडेल बीएक्स ११, पेनासकट. किंमत लिहीत नाही. लिहिली की पुन्हा बिल तपासत बसेन. शोरूमवाला म्हणाला, सर, बिल्ड क्वालिटी एकदम प्रीमियम. मी म्हटलं, तीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली आहेत, प्रीमियम कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. त्याने बिल पुढे सरकवलं. पहिला राउंड माझा.

टॅब जयमालासाठी आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी मुलांना ही ऑनलाइन मराठी शिकवणार. दिवाळी झाली की पहिल्या रविवारी, सव्वीसला, क्लास सुरू. अक्षरं गिरवून दाखवायची असतात, म्हणून मोठा स्क्रीन आणि पेन. ऋषी झाला तेव्हा हिने शाळेची नोकरी सोडली, त्यानंतर आता पहिल्यांदा शिकवणार. तेव्हा वस्तू पारखून घेतलेलीच हवी. तिचा भाऊ दिनानाथ घणसोलीहून फोनवर म्हणाला, दाजी, पाव किमतीत काम होतं, एवढा खर्चा कशाला. भाड्याच्या खोल्यांची दलाली करणाऱ्या माणसाने क्वालिटीवर बोलू नये.

संध्याकाळी पूजा. जयमाला म्हणत होती, खोक्यालाच हळदकुंकू वाहा. मी म्हटलं, पूजा वस्तूची करतात, खोक्याची नाही. टॅब पाटावर उभा केला. चारी बाजूंनी हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, आपट्याचं पान. वरून नारळाचं पाणी. सगळं यथासांग.

संकल्प: मी पास करेपर्यंत टॅब कुणाच्याही हातात जाणार नाही. जयमालाच्या तर नाहीच, कारण उद्या बिघडला तर नुकसान तिचं. खोक्यावर कागद चिकटवला: क्यूसी होईपर्यंत हात लावू नये.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

दिसणं: नापास. स्क्रीन धुरकट, ठसे उमटतात, कडेला बुडबुडे. जयमाला म्हणाली, अहो, कंपनीचं वरचं प्लास्टिक काढा आधी. ते मी काढणार नाही. परत करायची वेळ आली तर वस्तू कोरी दिसायला हवी. आमचा टीव्हीचा रिमोट सात वर्षं प्लास्टिकमध्ये आहे. बटणं दिसत नाहीत, पण रिमोट नवा आहे. एवढे पैसे घेता, तर प्लास्टिकमधून स्वच्छ दिसेल असा स्क्रीन द्या.

आवाज: बसका. प्लास्टिक स्पीकरवरही आहे, पण मुद्दा तोच.

५ ऑक्टोबर, रविवार.

मजबुतीची चाचणी. पलंगावरून गादीवर टाकला, काही झालं नाही. गादीवरून सतरंजीवर टाकला, काही झालं नाही. मग त्याच्यावर बसलो. जयमाला दारात येऊन बघत उभी राहिली. मी म्हटलं, उद्या तुझा एखादा विद्यार्थी बसला तर? ती म्हणाली, विद्यार्थी दुबईत आहेत.

टॅब वाकला नाही. संशयास्पद. इतकी कडक वस्तू आतून ठिसूळ असते.

दुपारी तिने पेनाच्या सरावासाठी तासभर टॅब मागितला. कंपनीत चाचणीतलं सँपल मी साक्षात एमडींना नेऊ दिलं नव्हतं. तरी पाच मिनिटं दिला, माझ्या देखरेखीखाली. तिने 'क' काढला. प्लास्टिकवरून पेन घसरलं आणि 'क' वाकडा झाला. नोंद: पेन बेभरवशाचं. ती गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर मार्करने अक्षरं काढत बसली. मार्कर चांगला चालतो, हे कंपनीला कळवायला हवं.

८ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी.

सापडलं.

दोन दिवस चार्जिंग धड होत नव्हतं. वायर दाबून धरली की होतं, सोडली की बंद. आज टॉर्च आणि भिंग घेऊन भोकात पाहिलं. आत लाल भुकटी, कडेला पिवळसर. गंज. घेऊन आठवडा नाही झाला आणि गंज. पिवळा म्हणजे सुरुवात, लाल म्हणजे पुढची अवस्था. इतका लालभडक गंज मी उभ्या नोकरीत पाहिला नाही.

जयमालाने वाकून पाहिलं. म्हणाली, अहो, हे दसऱ्याचं हळदकुंकू आहे, तुम्हीच तर मूठभर वाहिलंत. मी समजावलं, वाहिलेलं कुंकू वर राहतं, आत जात नाही. मग तिने आत अडकलेला तांदळाचा तुकडा दाखवला. तो इन्सुलेशनचा भाग असणार. ती टूथपिक घेऊन आली. मी हात धरला. पुराव्याला टूथपिक लावत नाहीत. भोकावर सेलोटेप लावली आणि टेपवर सही केली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

वाशीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी टेप काढायला लावली, आत पाहिलं आणि विचारलं, सर, पूजा केली होती का? दसऱ्यानंतर असे बरेच येतात. मी म्हटलं, माझ्या देवधर्माचा इथे संबंध नाही. त्या म्हणाल्या, लगेच साफ करून देते, फुकट आहे. मी टॅब उचलला. तीस वर्षं मीही कंपनीत होतो. पुरावा पुसायला सगळे फुकटच तयार असतात.

गंज आहे असं लिहून मागितलं. त्यांनी लिहून दिलं: ग्राहकाने सफाई नाकारली. खाली माझी सही. कागद बरा दिसतो. येताना नेरूळपर्यंत रिक्षावाल्याला गंजाचे प्रकार सांगितले. त्याने एफएम मोठा केला.

१२ ऑक्टोबर, रविवार.

रिव्ह्यू टाकला. एकच स्टार, कारण शून्य देता येत नाही. हीसुद्धा लबाडीच. मथळा: आठवड्यात गंजला, सावध व्हा. सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला. तीन उत्तरं आली, त्यातली दोन गुड मॉर्निंग. तिसरं दुसऱ्या मजल्यावरच्या अब्दुर्रहमानचं: नंदकिशोरजी, तुम्ही वापरत नसाल तर आमच्या हादियाला द्या, तिला अभ्यासाला लागतो. लोकांना कशाचंच गांभीर्य नाही.

टॅब परत करायची मुदत आज संपते. जयमाला म्हणाली, एक तर परत करा, नाहीतर मला वापरू द्या, मधेच का लटकवलाय? साधी माणसं अशीच हार मानतात. मी परतही करणार नाही आणि वापरूही देणार नाही. लढणार.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

कंपनीचा मेल. परत घेता येणार नाही, सफाई कधीही मोफत करून देऊ, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. दिलगीर आहोत. ही कबुली आहे. प्रिंट काढली. आता ग्राहक मंच. फाइल केली, फोटो चिकटवले, गंजाचा तक्ता काढला.

जेवायला तीन वाजले. ऑगस्टमध्ये व्हीआरएस घेतल्यापासून दुपार कशी गेली ते पहिल्यांदाच कळलं नाही. आपल्याला विचारल्याशिवाय हलत नाही असं घरात एक तरी काही असलं की बरं वाटतं.

वरचं वाक्य खोडायचं. केसशी संबंध नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

जयमाला चकल्या पाडत होती. हात न थांबवता म्हणाली, सव्वीसला अकरा मुलं माझी वाट बघणार आहेत. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला बाई म्हणणार आहे. तो टॅब मला मिळणार आहे की नाही, एवढंच सांगा.

मी शांतपणे सांगितलं की वादातली वस्तू वापरली तर केस ढिली पडते. आणि फोन आहेच की. ती म्हणाली, फोनवर अक्षर मुंगीएवढं दिसतं. मी म्हटलं, मुलं लहान आहेत, डोळे चांगले असणार त्यांचे. तिने सोऱ्यात नवं पीठ भरलं. पटलं असावं.

चकल्या चांगल्या झाल्या, जरा कडक. सोऱ्या फार जोरात दाबत होती.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

दिनानाथ आला. पाटावर बसला, ओवाळून झालं आणि त्याने पिशवीतून टॅब काढून तबकात ठेवला. साधा, काळा, नाव न ऐकलेल्या कंपनीचा. पेनही होतं. म्हणाला, ताई, वैदेहीने तुझं क्लासचं सगळं ह्यात टाकून दिलंय, लिंक पन सेट केलीय, आता टेन्शन नाय घ्यायचं. वैदेही म्हणजे त्याची मुलगी, कॉलेजात आहे.

जयमाला रडली. ऋषी नोकरीसाठी बेंगळुरूला गेला तेव्हा रडली होती, त्यानंतर आज.

मी तो टॅब हातात घेऊन तपासला. कोपरा दाबला की करकरतो. दिनानाथला दाखवलं. तो म्हणाला, दाजी, चालतो ना? मग झालं की. हे काय उत्तर झालं? तिने तिथेच बसून 'क' काढला. सरळ आला. मी दोघांना सांगितलं की इलेक्ट्रॉनिक वस्तू तबकात कुंकवाजवळ ठेवू नये, भोकात जातं. दोघंही माझ्याकडे बघत राहिली. मी करंज्यांचा विषय काढला.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

उद्या क्लास. मोठ्या मनाने केस मागे घ्यायचं ठरवलं. टेप काढली, टूथपिक फिरवली. गंज लगेच निघाला. गंजसुद्धा हलक्या प्रतीचा वापरतात. चार्जिंग सुरू झालं. मग वरचं प्लास्टिक काढलं.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. स्क्रीन सुंदर आहे. पेन कागदावर चालावं तसं चालतं. माझं नाव लिहिलं, खाली तिचं लिहिलं. बराच वेळ दोन्हीकडे बघत बसलो. किंमत जास्त आहे, पण वस्तू किमतीला उतरते. निकाल: पास.

खोक्यावरचा कागद काढून टाकला आणि टॅब घेऊन तिच्याकडे गेलो. म्हटलं, घे, क्यूसी पास. ती दिनानाथच्या टॅबवर 'घ' काढत होती. म्हणाली, राहू दे तुमच्याकडेच, मला ह्याची सवय झाली. मी म्हटलं, दोन दिवसांत कसली सवय? आणि त्याचा कोपरा करकरतो. ती म्हणाली, करकरू दे, माझ्या हातात तर आहे.

टॅब परत खोक्यात ठेवताना हात जड झाला. वजन थोडं जास्तच आहे त्याचं.

२६ ऑक्टोबर, रविवार.

क्लास हॉलमध्ये. मला बेडरूममध्ये बसायला सांगण्यात आलं. पंखा एकवर, आवाज येतो म्हणून. खोकला आला तर उशीत खोकायचं.

नुसतं बसून काय करणार? प्रत्यक्ष मीटिंगमध्ये टॅब कसा चालतो ही चाचणी राहिलीच होती. ऋषीला दाखवायला तिने घरच्या ग्रुपवर क्लासची लिंक टाकली होती. टॅबवर उघडली. नाव विचारलं. काय लिहावं सुचेना, म्हणून टॅबचंच नाव राहू दिलं, बीएक्स ११. स्क्रीनवर आलं: थांबा, होस्ट तुम्हाला लवकरच आत घेतील.

थांबलो.

भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता. इतका मोकळा, मोठा आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता. मुलं काहीतरी एकत्र ओरडली, ती हसली. कशाला हसली ते इथे दिसायला हवं होतं. इथे तेच वाक्य. थांबा, होस्ट तुम्हाला लवकरच आत घेतील. अक्षर अगदी रेखीव. क्लास संपेपर्यंत टॅब एकदाही हँग झाला नाही, तापला नाही, स्क्रीन फडफडला नाही. बॅटरी जेमतेम उतरली. परफॉर्मन्सला नाव ठेवायला जागा नाही.

चहाच्या वेळी जयमाला खूश होती. अकराच्या अकरा मुलं आली. त्यातला एक तर बोलायचा थांबत नाही. सगळी तिला बाई म्हणतात. मग कप विसळता विसळता म्हणाली, आज कुणीतरी बीएक्स की काय, आत यायला बघत होता, क्लास संपेपर्यंत दारातच उभा. वैदेहीने सांगितलंय, ओळखीचं नाव नसेल तर आत घ्यायचं नाही.

मी म्हटलं, बरोबर केलंस. असतात असे लोक.