चाळीस टक्क्यांना दिवे वाढवावेत

तीर्थरूप कमळमावशीस,

भाग्यश्रीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि शामकाकांचा खोकला ताब्यात असेल असं धरून चालते. डोळखांबला तुझ्या पाड्यावर फोन लागत नाही, म्हणून पत्र. आमच्याकडे सगळे बरे आहेत. ('सगळे' म्हणजे माणसं. अंड्यांचं पुढे येईल.)

तू विश्वासानं दिलेली तीस गावठी अंडी मी अकरा दिवसांपूर्वी उबवणीच्या पेटीत ठेवली. पेटीला अखंड वीज लागते आणि मुरबाडकडच्या आमच्या लाइनवर अखंड असं काहीच नसतं, म्हणून ती सोलरच्या बॅटरीवर जोडली. बॅटरीला एक मीटर आहे. चार्ज किती टक्के उरला ते दाखवतं, आणि त्याच्या पोटात रिले नावाचा स्विच असतो. ठरवलेल्या टक्क्यापर्यंत बॅटरी उतरली की हा स्विच कोणी हात न लावता आपला आपण फिरतो. माझा बेत असा, की बॅटरी चाळीसवर आली की रिलेनं घरातले दिवे, पंखे, टीव्ही तोडावेत आणि उरलेली वीज तुझ्या पिल्लांना मिळावी. बेत चांगला होता, हे मी अजूनही म्हणेन.

जोडणी करायला शेजारचा रविंद्रदादा वायरमन येणार होता आणि मला कामावर जायचं होतं, म्हणून मी चिठ्ठी लिहून मीटरला चिकटवली. 'दिवे बंद' असं लिहायला हात धजेना. दिवा विझला म्हणू नये, दिवा वाढवला म्हणावं. बांगडी फुटत नाही, वाढते. हे मी शाळेत जायच्या आधी आईकडून आणि (आठवत असेल तर) तुझ्याकडून शिकले. तेव्हा लिहिलं, 'चाळीस टक्क्यांना दिवे-पंखे वाढवावेत.' शुद्धलेखन तीनदा तपासलं.

रविंद्रदादानं वाढवले. म्हणजे बॅटरी भरलेली असताना सगळं बंद आणि चाळीसला उतरली की सगळं सुरू, अशी उलटी जोडणी केली, आणि वाढवायचेच आहेत तर म्हणून अंगणात पदरचा एक हॅलोजनही लावला. सोमवारी खांब पडून गावची लाइन गेली. पुढचे तीन दिवस बॅटरी भरलेली आणि घरात एक पंखा फिरेना. बाबा शंभर टक्क्यांच्या शेजारी बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. मी त्यांना म्हटलं, रिले काटकसर करतोय. (हे वाक्य ते आता रोज मला ऐकवतात.)

काल दिवसभर ढग होते आणि पेटी चालून चालून बॅटरी चाळीसवर उतरली. संध्याकाळी एसटीतून उतरले तर अख्खं गाव अंधारात आणि आमचं घर लग्नघरासारखं झगमगलेलं. अंगणात चाळीसेक माणसं, आई चहा गाळतेय. रखमीकाकू ठेवणीतली साडी नेसून आली होती. म्हणाली, "काय गो, साकरपुडा हाय नं आमाला सांगितला पन नाय?" मी नाही म्हणेपर्यंत बॅटरी शून्यावर गेली आणि सगळंच वाढलं. पेटीसुद्धा. लोक चहा संपवून अंधारातच घरी गेले. रखमीकाकूनं मुलगा काय करतो तेवढं विचारून घेतलं.

रविंद्रदादाला बोलावलं. तो चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला, "तूच लिवलंस ना, वाढवा म्हनून? मी वाढवले. हॅलोजन तर माज्या घरचा लावला!" मी वाढवणं म्हणजे काय ते सांगितल्यावर त्यानं लगेच वायर बदलली. आता जोडणी बरोबर आहे. फक्त बॅटरीत काही नाही. अंडी बाहेर काढताना बाबांच्या हातून तीन वाढली. (म्हणजे कमी झाली.) उरलेली सत्तावीस टोपलीत, गोधडीखाली, गरम पाण्याच्या बाटल्यांमध्ये चुलीशेजारी आहेत. ताप मोजायच्या थर्मामीटरनं मी दर वीस मिनिटांनी त्यांचा ताप बघते. टॉर्चवर धरली तर चोवीसांत लाल शिरा हलताना दिसतात. राहिलेल्या तीन अंड्यांबद्दल माझं आणि आईचं मत जुळत नाही.

एवढं सांगायचं होतं. काकांना नमस्कार. रागावलीस तर ते योग्यच आहे.

तुझी,
भाग्यश्री

ता. क. हे पत्र नामाच्या जीपमधून पाठवते आहे. तो तिकडून तासाभरात परत निघेल. तुझ्याकडे अंडी उबवायला एखादी खुडूक कोंबडी बसली असेल तर डालग्यात घालून त्याच्याबरोबर देशील का? आजही ढग आहेत, आणि बाटल्या लवकर गार होतात.

ता. क. २. खरं तर दोन दे. एकीखाली सत्तावीस मावणार नाहीत, आणि कोंबडी अंड्यांवरून कधी उठेल ते सांगणारं मीटर अजून निघालेलं नाही.