शवागाराशेजारची खानावळ

ताई, तुला नमस्कार आणि आईच्या पायांवर डोकं.

माझ्या जेवणाची काळजी नको. हॉस्पिटलच्या शवागाराला लागूनच एक खानावळ सापडली आहे. जागा बघून मी मागे फिरत होतो, पण फोडणीच्या वासाने पाय अडले. भाजी अशी, की आईनेसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घ्यावी! मालकीणबाई पेशंटचा डबा आधी भरतात, मऊ भात, तिखट कमी, आणि मग आपला. आईचा गुडघा कसा आहे?

आईला इथपर्यंतच वाचून दाखव.

बाबा आठवडाभर काहीच गिळत नाहीत, नळीवर आहेत. हे बाईंना सांगायला जीभ रेटेना, म्हणून रोज दोन्ही डबे मीच संपवत होतो. लाज वाटायची, पण शीतही उरायचं नाही.

आज बाईंनी एकच डबा भरला. मी म्हटलं, "बाबांचा राहिला."

माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डातल्या सिस्टर इथेच जेवतात रे. तू पोटभर जेव, आणि घरच्यांना बोलावून घे."

डबा समोर आहे, वासही तोच आहे, पण घास उतरत नाही. ताई, आईला घेऊन निघ.

तुझाच,
धाकटा