शालीखालचे बूट

सक्करदरा, रविवार, संध्याकाळ

आज आईशी जे वागले ते मनातून जात नाही. स्तनाच्या कर्करोगाची केमो चालू आहे, तरी ती रोज तलावावर फिरायला जाते. डॉक्टरच म्हणाले होते, चालल्याने प्रतिकारशक्तीच्या पेशी रक्तात जास्त फिरतात, गाठीशी लढायला त्याची मदत होत असावी, झेपेल तेवढं चाला. तेव्हापासून आई निघताना सांगते, "माह्या पोलिसांले राउंडवर नेऊन राहिली."

आज ती बूट घालून निघणार, तेवढ्यात काटोलची मामी फाटकाशी दिसली, हातात संत्र्यांची पिशवी. आणि मी आईला म्हटलं, "आधी झोप." काहून म्हटलं? पेशंटला भेटायला आलेल्यांना पेशंट अंथरुणातच दिसायला हवा म्हणून? आई मुकाट्याने आडवी झाली. बूट काढायला वेळ नव्हता, मी वरून शाल ओढली.

मामी बराच वेळ हळहळत बसली. मी मान डोलावत होते. शालीखाली बुटांची टोकं हलत होती.

मामी गेली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. आईने विचारलं, "आता उठू का वं, का अजून कोनी पाहाले येऊन राह्यलं?"