तिसरा होकार

दि. ३ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. बाइंडिंगचा कारखाना आणि वरच्या खोल्या तुम्ही ताईच्या नावावर केल्यात, आणि मी होकार दिला असं तिला सांगितलंत! मी कधी हो म्हणालो? तिथे मी दुकानं काढणार होतो. निदान विचारायचं तरी! रागात आहे, तरी लोभ असू द्यावा.

तुमचा,
धाकटा

दि. ७ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझे हस्ताक्षर दहा वर्षांनी पाहिले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवीत आहे.

विचारले नाही, म्हणतोस? गेल्या महिन्यात तू आलास, तेव्हा तुझ्या आईने अंथरुणावरून लिहिलेली शेवटची चिठ्ठी मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवीत होतो. धाकटा वेळेवर जेवतो ना, हे वाक्य आले. ताई डोळे पुसत आत गेली. तू मात्र फोनमधले कुणाचे तरी मांजर पाहून खदखदून हसलास. मी चिठ्ठीची घडी घातली आणि ठरविले, की आता याला सगळे विचारायचे, पण मान वर कर असे म्हणायचे नाही.

कारखाना ताईला देऊ का, असे विचारले. तू हं म्हणालास. वरच्या खोल्याही देऊ का, असे आवाज चढवून विचारले. अंगठा न थांबविता तू चालेल म्हणालास. शेजारी बसलेल्या वकीलकाकांनी चष्म्यावरून तुझ्याकडे पाहिले आणि कागद पुढे ओढला. वीस वर्षे पुस्तकांना टाके ताई घालते आहे. मी लगेच सही केली.

आशीर्वाद नेहमीचेच समजावेत.

तुझा,
बाबा

दि. १२ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

फोन कपाटात ठेवून लिहितोय. तीनदा उठून कपाटापाशी गेलो, खोटं कशाला बोलू? कारखाना ताईलाच राहू द्या. आईची चिठ्ठी तेवढी पाठवा. मला त्यातलं एक अक्षरही आठवत नाही. तुमचा लोभ उरला असेल, तर एवढं करा.

तुमचा,
धाकटा

दि. १६ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

चिठ्ठी टपालाने येणार नाही. मी आणतो आहे.

त्या दिवशी तिसरा प्रश्नही विचारला होता : खोल्या ताईला दिल्यावर मी कायमचा तुझ्याकडे राहायला येऊ का? तू म्हणालास, हो हो, बिनधास्त. वकीलकाकांनी तेही टिपून ठेवले आहे.

शुक्रवारी सकाळी दहाच्या गाडीने पोहोचतो. चिठ्ठी रोज जेवताना, पहिल्या ओळीपासून वाचीन. तू फोनकडे पाहिलेस, की पुन्हा पहिल्या ओळीपासून. माझी प्रकृती उत्तम आहे.

लोभ आहेच, आता तो समोर बसून करीन.

तुझा,
बाबा