बाबांना त्यांचा हात ऐकू आला

रोझ बे, नोव्हा स्कोशिया
१४ ऑक्टोबर १९८६

ती. विल्माआत्यास,
लॉर्नाचा स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि चोकचेरीचा जॅम दोन्ही पोचलं. बाटली फुटली नाही, हे टपालखात्याचे उपकार. काल थँक्सगिव्हिंगचं जेवण केलं. आई गेल्यानंतरचं हे दुसरं. तिच्या पद्धतीने कोबी आंबवली होती. बाबांनी दोन घास खाऊन मीठ कमी आहे असं सांगितलं आणि मग सगळी संपवली.

त्यांच्या तब्येतीचं विचारलं होतंस. कंपवात वाढलेला नाही असं डॉक्टर म्हणतात, पण आवाज फारच बारीक झाला आहे. दुकानात काउंटरवरची मुलगी त्यांना पुन्हापुन्हा विचारते आणि शेवटी माझ्याकडे बघते. आता ते दुकानात येतच नाहीत. गाडीत बसून राहतात.

बोलतात ते फक्त रेडिओवर. नाश्ता झाला की त्या राखाडी पेटीपुढे बसायचं आणि मोर्सची कळ दाबून, टिंबं-रेघांत, स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरल्या मॅग्नसला हाक मारायची, हे तीस वर्षांत चुकलेलं नाही. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, पण मॅग्नसची कुठली मेंढी लंगडते ते बाबांना ठाऊक असतं. कप धरला की थरथरणारा हात कळीवर गेला की शांत होतो, असं ते सांगतात. मला मोर्स जेमतेम अक्षर लावण्यापुरतं येतं, त्यामुळे मी ते खरं धरते.

पण हल्ली मॅग्नस सोडून कुणी उत्तर देत नाही. बाबा हाका मारत राहतात. दोष सूर्याचा, म्हणतात. त्यावरचे डाग कमी झालेत, म्हणून लाटा दूर जात नाहीत. मला शंका आहे ती पेटीची. पेटी पाठवते, पण पाठवताना त्यांना स्वतःला काही ऐकू येत नाही, कारण तेवढ्यापुरता ऐकायच्या दुसऱ्या पेटीतला आवाज बंद होतो. नव्या यंत्रांत आपलीच टिंबं-रेघा आपल्या कानात वाजतात. साइडटोन म्हणतात त्याला. तो बसवू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, मी काय स्वतःशी गप्पा मारायला बसलोय? बोटीवर इंजिनाच्या धडधडीत काहीही ऐकू न येता जन्मभर पाठवलं, आता कशाला हवं? शिवाय आजवर भेटलेला प्रत्येक जण मला पाच-नऊ-नऊ देत आलाय. म्हणजे समोरच्याचं कसं ऐकू येतंय त्याचे पैकीच्या पैकी गुण, ग आत्या.

तू जन्मभर रेल्वेच्या तारयंत्रावर बसलीस. तूच सांग, करू का?

तुझ्या गुडघ्यांना जप. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लॉर्ना


मेलव्हिल, सस्कॅचेवान
२५ ऑक्टोबर १९८६

चि. लॉर्नास,
अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघे माझ्याआधी म्हातारे झाले, एवढंच. इथे बर्फ पडून गेला आणि शेजारच्या ओलेनाने पिरोगी आणून दिल्या, म्हणून स्वयंपाकाला सुट्टी.

कर. मला विचारतेस कशाला? आमच्या स्टेशनात पितळेची ती टकटकी आपली आणि समोरच्याची अशा दोन्ही तारा वाजवायची, म्हणून आमचे हात ताळ्यावर राहिले. ज्याला स्वतःचं ऐकू येत नाही त्याचं बोलणं हळूहळू बोबडं होतं. एकदा त्याला ऐकू दे, आपोआप सुधारेल. तुझा बाबा हॅरिस लहानपणापासून हेकट, पण कान तिखट आहे त्याचा. आमच्या दोन खोल्यांत एक फळीची भिंत होती. रविवारी प्रार्थनेला जायचं टाळायला तो आजारी पडायचा आणि मी भिंतीवर चमच्याने वाजवून त्याला सांगायची, की आई वर येतेय, खोकायला लाग. त्याचं उत्तर इतकं सफाईदार असायचं की मला हेवा वाटायचा.

एक मात्र सांभाळ. पेटीला भोक पाडू नकोस. जुन्या पेटीला भोक पाडलं तर ही मंडळी आपल्याच कवटीला पाडल्यासारखी ओरडतात. बाहेरून काय जमतं ते बघ. तो नाही म्हणेल, तू चालू ठेव. दोन दिवसांनी स्वतःच चुका काढायला येऊन बसेल.

त्याला म्हणावं, दाढी करत जा. तुझं सुख चिंतणारी,
विल्माआत्या


रोझ बे
१६ नोव्हेंबर १९८६

ती. विल्माआत्यास,
स. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं, आणि नंतरचं कुणीच म्हटलं नव्हतं.

मी पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीत एक ट्रान्झिस्टर बसवला आणि तिच्या तारा सरळ कळीला जोडल्या. बाबा खुर्चीतून बघत होते. मी कळ दाबली आणि फट्. धूर आणि जळका वास. त्या जुन्या पेटीत कळीवरसुद्धा विजेचा भलताच दाब असतो, ते मला ठाऊक नव्हतं. बाबांना ठाऊक होतं! इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, बोलणार होतो, पण तुझा चेहरा बघायचा होता. आईच्या आजारपणानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग खुर्ची ओढून जवळ बसले. जोडूच नकोस, म्हणाले. एरियलच्या तारेशेजारी एक उघडी तार नुसती ठेव. पेटी पाठवते तेव्हा थोडं इकडेतिकडे सांडतंच, तेवढ्यावर तुझी डबी वाजेल. ते सांगत होते, मी सोल्डर करत होते. माझ्या सोल्डरिंगला ते पक्ष्याची शीट म्हणाले. सगळा आठवडा असा गेला. चहा गार व्हायचा आणि आमचं लक्ष नसायचं. आत्या, मी फार सुखात होते.

शनिवारी नाश्ता झाल्यावर ते बसले. हेडफोन त्यांच्या कानावर आणि डबीला मी छोटा स्पीकरही जोडलेला, मलाही ऐकू यावं म्हणून. त्यांनी मॅग्नसला हाक मारली. स्पीकरमधून जे आलं ते मला लावताच येईना. टिंबं एकमेकांवर आदळत होती, एका जागी दोन हवीत तिथे चार, रेघ मध्येच तुटलेली. मला वाटलं, डबी बिघडली. बाबांनाही तेच वाटलं. थांबले आणि म्हणाले, तुझी डबी तोतरी आहे, बघ जरा.

मी कळ हातात घेतली आणि माझं नाव पाठवलं. हळू, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ.

बाबांनी माझ्या हातातून कळ परत घेतली. पुन्हा पाठवलं, या वेळी फार जपून, आणि पुन्हा तसंच आलं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग हेडफोन काढून नीट ठेवला आणि मला विचारलं, कधीपासून? मला काय माहीत असणार? मी म्हटलं, डबी मी पुन्हा बघते. ते म्हणाले, लॉर्ना, नको.

त्या दिवसापासून ते कळीला शिवलेले नाहीत. सकाळी ऐकायची पेटी तेवढी लावतात. मॅग्नस हाक मारतो. बाबांचं हाकेचं चिन्ह, म्हणजे रेडिओवरचं नाव, मला पाठ झालंय, म्हणून कळतं. हाक मारतो, थांबतो, पुन्हा मारतो. बाबा हात मांडीखाली घालून ऐकत बसतात. मी एकदा म्हटलं, निदान मी उत्तर देऊ का? ते म्हणाले, त्याला कळीवरचा माझा हात ओळखता येतो. तू पाठवलंस तर त्याला वाटेल, मी गेलो.

ज्यांच्याकडे बोलण्याची एकच जागा उरली होती, त्यांची ती जागा मी माझ्या हाताने बंद केली. तूच त्यांना काही लिही. मला काही सुचत नाही.

तुझ्या लोभावरच सध्या उभी आहे.
लॉर्ना


मेलव्हिल
२७ नोव्हेंबर १९८६

चि. हॅरिसला,
तुझ्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि थोडे धपाटे.

लॉर्नाचं पत्र आलं. डबी बसव म्हणून मीच तिला सांगितलं होतं, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर रागव. तिच्यावर तू रागावलेला नाहीस ते ठाऊक आहे. तू रागावला असतास तर बरं झालं असतं. तू गप्प बसतोस आणि ती पोर झुरते.

सगळे तुला पाच-नऊ-नऊ देत होते, यावर तू विसंबलास. अरे, तो रिवाज आहे. कुणी कसे आहात विचारलं की आपण बरं आहे म्हणतो, तसाच. ज्यांना तुझा हात लागेना ते पाच-नऊ-नऊ देऊन सभ्यपणे निघून गेले. एक माणूस गेला नाही. रोज सकाळी कानाला हेडफोन लावून, तुझ्या त्या चिखलातून एकेक शब्द वेचत बसला. किती वर्षं, ते त्यालाच माहीत. आणि आता तो हाका मारतोय आणि तू ऐकून उत्तर देत नाहीस. हाताची लाज वाटते, ते मी समजू शकते. पण तू आहेस की नाहीस या घोरात त्याला ठेवलंयस, त्याची लाज जास्त वाटायला हवी.

मला खोटा धीर देता येत नाही, हॅरिस. हात परत येणार नाही. मला तुझ्याकडून एवढंच हवंय, की त्याला नीट सांग. जसं जमेल तसं, पण तूच.

लोकरीचे मोजे वेगळ्या पार्सलने पाठवलेत. घाल. रुसायचं असेल तर रुस, पण पत्र पाठव.

तुझी,
विल्मा


रोझ बे
१४ डिसेंबर १९८६

ती. विल्माआत्यास,
स. न. वि. वि.

मोजे पोचले. बाबांनी घातले आणि रंगाला नावं ठेवली. पत्र त्यांनी स्वेटरच्या आत ठेवलंय. मला वाचायला दिलं नाही, पण विल्मा जन्मभर दादागिरी करत आलीय, असं दोनदा म्हणाले. उत्तर मीच लिहावं असं त्यांनी सांगितलं.

मंगळवारी मॅग्नसची हाक आली आणि त्यांनी कळ पुढे ओढली. मी डबी काढायला गेले तर राहू दे म्हणाले. मग पाठवायला लागले. स्वतःचं एकेक अक्षर ऐकत होते. चुकलं की चूक झाल्याची खूण करायची असते, ओळीने आठ टिंबं. ती खूणही त्यांना नीट जमेना. तरी थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. कपाळावर घाम होता. मी टॉवेल पुढे केला तर मान हलवून नको म्हणाले. एवढंच पाठवायचं होतं: हात गेला आहे, मला आत्ता कळलं, तुला कधीचं माहीत होतं, आज खरे गुण दे.

मला वाटलं, मॅग्नसला ते लागलंच नाही. मग आकडे आले, अगदी सावकाश, मलासुद्धा लावता येतील असे. पहिला आकडा तीन. बाबांनी मला अर्थ सांगितला: फार कष्टाने वाचता येतंय. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पाच सोडून काही दिलं. बाबांनी तो आकडा मोठ्याने म्हटला आणि टेबलावर डोकं टेकून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मग डोकं वर करून त्यांनी आणखी एकच वाक्य पाठवलं, की मी यापुढे पाठवणार नाही, पण ऐकत असेन. कळीचे स्क्रू त्यांनी माझ्याकडून सोडवून घेतले.

आता रोज सकाळी मॅग्नस येतो. वारा कसा आहे, बोट आली का, कुठल्या गायीने काय केलं, सगळं सांगतो, मलाही लावता येईल इतकं सावकाश. मध्येच काही विचारतो आणि थांबतो. बाबांच्या उत्तराला जेवढा वेळ लागायचा तेवढाच थांबतो, चांगला मोठा वेळ. मग उत्तर मिळाल्यासारखा पुढे बोलायला लागतो.

आत्या, त्या वेळात बाबा बोलतात. तोंडाने, त्या बारीक आवाजात. परवा मॅग्नसने विचारलं, तुमच्या खाडीत बर्फ धरला का? बाबा म्हणाले, अजून नाही, कडेला पापुद्रा आलाय. म्युरिएलला तो बघायला आवडायचा, सकाळी स्वयंपाकघरातून मला हाक मारायची. आईबद्दल हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलं तरच ऐकू येतं. मी तशी बसते.

मॅग्नसला यातलं काहीच ऐकू जात नाही. तो थांबतो आणि थोड्या वेळाने पुढचं सांगायला लागतो.

नाताळात येशील का? गुडघ्यांना विचारून कळव. आम्हा दोघांवर तुझी माया आहे, ती अशीच असू दे.

तुझी,
लॉर्ना