करातिनाची सोयरीक, थेट नैरोबीहून

३ जुलै २०१२, मंगळवार
ठरलं. एकवीस तारखेला करातिनात वैरिमूच्या घरी आमच्या सोयरिकीची बैठक, आणि मी इथं नैरोबीतच थांबणार. लॅबमधून थेट व्हिडिओने हजर राहीन. पाच वर्षं जिच्यावर पीएचडी चाललीय ती यंत्रणा आता नाही तर कधी वापरायची? चार ठिकाणचे चार संगणक काम वाटून घेतील, चित्र आणि आवाज वेळेवर पोचवतील. परीक्षकांनाही बोलावलंय. एका दगडात दोन पक्षी.
वैरिमू म्हणाली, अरे, मटाटूत बसलास तर तीन तासांत पोचशील की! हिला संशोधन कळत नाही. लग्नानंतर समजावीन.

११ जुलै
आई चिडलीय. म्हणते, बायकांच्या रांगेतून नवरी ओळखायची तर नवरा तिथं नको? सगळ्याजणी डोक्यापासून घोट्यापर्यंत लेसो पांघरून उभ्या राहतात, हे मला काय माहीत नाही? सहा वर्षांची ओळख आहे. वैरिमूला गोणीत घातलं तरी ओळखेन.
उद्यापासून रोज पहाटे पाचला चाचणी.

१४ जुलै
एकही चाचणी नाही. करातिनाच्या सायबर कॅफेवाल्याने आमचा संगणक गिऱ्हाइकांना सिनेमे बघायला दिला. शिवाय पाचला जाग येत नाही.

२० जुलै, संध्याकाळ
अखेर चाचणी. लाइन अपुरी, चित्र अडखळतं. पण उपाय सापडला, प्रबंधात एक प्रकरण वाढेल! ताण आला की बिनमहत्त्वाचा भाग यंत्रणाच गाळेल. चेहरे आधी पाठवायचे, पावलं शेवटी. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

२१ जुलै, दुपारी १.१०
उत्तम. वैरिमूचे न्जोगूकाका स्क्रीनवर लख्ख. म्हणाले, काय हो जावई, त्या खोक्यात मावलात का? मंडप हसला. हसू अगदी वेळेवर पोचलं. परीक्षकांनी मान डोलावली.

२.४०
सात बायका. लेसोमुळे चेहरा एकीचाही नाही, आणि घोट्यांखाली नुसता राखाडी पट्टा. यंत्रणा माझा हुकूम इमानाने पाळत होती. काका म्हणाले, बोल रे गाथोगो, कुठली? परीक्षक बघत होते. ठणकावून सांगितलं, डावीकडून तिसरी.
लेसो उचलला. वैरिमूची आजी. वय एक्याऐंशी. एकच गिल्ला झाला. आजी तर तिथंच नाचायला लागली. मला एक बोकड दंड.
ही चूक ओळखण्यातली, प्रक्षेपणातली नव्हे.

२२ जुलै, रविवार
परीक्षक खूश. आवाज एकदाही तुटला नाही म्हणे.
वैरिमूने काल फोन उचलला नाही, आज उचलला. ती पहिलीच उभी होती, कॅमेऱ्याच्या पुढ्यात. मी दिलेल्या लाल चपला घालून सारखं पाऊल पुढे करत होती, मला दिसावं म्हणून. म्हणाली, आख्ख्या गावाला दिसलं रे.
मी यंत्रणेचा नियम नीट समजावून सांगितला. पलीकडे शांतता. वाटलं लाइन गेली. हॅलो, हॅलो केलं.
लाइन चालू होती. म्हणाली, आजी तुला हो म्हणतेय. मी नाही.